गाडीचं सासर

गेल्या महिन्यात ताई आणि मी एक सिनेमा पाहत होतो. त्याचा शेवट अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. रात्रीची वेळ. युरोपातल्या कुठल्याशा डोंगराळ गावातलं एकटं घर, दारात शाल लपेटून उभी असलेली बाई, आणि तिच्यासमोरून निघालेली जुनी जीप रँग्लर, चौकोनी हेडलाइटची. नवरा कायमचा चाललाय. तो काही बोलत नाही, तीही नाही. गाडी उतारावरून खाली जाते, वळणापाशी पोचते, ब्रेक लागतो आणि मागचे दोन्ही दिवे लालभडक होतात. मग त्यातला डावा लुकलुकायला लागतो, उजवा तसाच स्थिर. तीन वेळा लुकलुकला, आणि गाडी वळणाआड गेली. शेजारी ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. आणि मी म्हणाले, "ताई, इंडिकेटर लाल लागला."

ताईने पदराने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "तो माणूस चाललाय गं. आणि तुला दिवा दिसतो?"

मला उत्तर देता आलं नाही. ती रागावली नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं. पडद्यावर नावं सरकत होती, ताई नाक ओढत उठून पाणी प्यायला गेली, आणि मी त्या रिकाम्या खोलीत बसून विचार करत राहिले की मला त्या माणसाचं जाणं दिसलं नाही का? दिसलं होतं. घशाशी आवंढाही आला होता. पण त्याच क्षणी तो लाल दिवा लुकलुकला आणि मनातलं काहीतरी त्याच्याकडे वळलं, गर्दीत कुणी आपल्या गावच्या बोलीत बोललं की मान वळते तसं. युरोपात मागचा इंडिकेटर नारिंगीच असावा लागतो. लाल चालत नाही. अमेरिकेत मात्र दोन्ही चालतात, आणि तिथल्या कितीतरी गाड्यांत ब्रेकचा आणि वळण्याचा दिवा एकच असतो. म्हणून तर ब्रेक दाबलेला असताना एक दिवा स्थिर राहिला आणि दुसरा लुकलुकला. ती गाडी त्या गावची नव्हती. अमेरिकेच्या बाजारासाठी घडवलेली गाडी त्या युरोपी घरातून निघून चालली होती.

हे बघण्याची सवय मला मामाने लावली. मामा गाड्या दुरुस्त करायचा, त्यातही उंच, चारही चाकांना जोर असलेल्या गाड्या. आम्ही दोघी बहिणी सुटीत त्याच्याकडे असायचो. ताई घरात मामीच्या मागे, मी गाडीखालून बाहेर आलेल्या मामाच्या पायांशी. त्याला हवं ते पान्याचं माप मी न चुकता द्यायचे, याचा मला फार अभिमान होता. कुणी फोन करून म्हणालं की अमुक गाडीचा आरसा हवाय, तमुक गाडीचा दिवा हवाय, तर मामाचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "गाडी कुठली?" समोरचा पुन्हा कंपनीचं नाव सांगायचा. मामा शांतपणे म्हणायचा, "माहेर नका सांगू हो, सासर सांगा." फोन ठेवल्यावर मला समजावायचा. कारखान्यातून सगळ्या बहिणी एकसारख्याच निघतात, पोरी. पण एक अमेरिकेला दिली, एक ऑस्ट्रेलियाला, एक आखातात. जिथे दिली तिथले दागिने अंगावर चढतात. एकीचा आरसा दुसरीला बसत नाही.

टोयोटाच्या गाड्यांवर तर हे सासर लिहिलेलंच असतं. इंजिनाजवळच्या पाटीवर मॉडेलचा लांबलचक कोड असतो आणि त्याचं शेवटचं अक्षर बाजार सांगतं. ए म्हणजे अमेरिका, के म्हणजे कॅनडा, डब्ल्यू म्हणजे युरोप, क्यू म्हणजे ऑस्ट्रेलिया, व्ही म्हणजे आखाती देश. मामाला ही अक्षरं तोंडपाठ होती. पण त्याला पाटी बघायची गरज क्वचितच पडायची. एकदा त्याने माझा हात धरून एका लँड क्रूझरच्या मागच्या दिव्यावर ठेवला. काचेवर धूळ आणि तेलकट चिखल बसला होता. त्याने अंगठ्याने एक कोपरा चोळला, मग त्यावर तोंडाने वाफ सोडून पुन्हा चोळला, आणि लाल काचेत बोटाच्या पेराएवढं एक वर्तुळ वर आलं. वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी ४. माझ्या बोटाखाली ते अक्षर किंचित उंचवटलेलं लागत होतं. मामा म्हणाला, "हा दिवा हॉलंडात पास झाला. १ असता तर जर्मनीत. ११ असता तर इंग्लंडात." दुसऱ्या एका गाडीच्या दिव्यावर त्याने तसंच चोळून दाखवलं, तिथे वर्तुळ नव्हतं, नुसती डी-ओ-टी ही तीन अक्षरं होती. "ही अमेरिकेची." मला वाटलं, जगातल्या प्रत्येक वस्तूवर असं कुठेतरी धुळीखाली तिचं गाव लिहिलेलं असणार. ते वाटणं अजून पुरतं गेलेलं नाही.

सिनेमात एवढ्या जवळून कुणी दिवा दाखवत नाही. तिथे लांबून, पळत्या चित्रातून ओळखावं लागतं, आणि मला त्यातच गोडी वाटते. सगळ्यात आधी नजर जाते ती बाजूच्या दिव्यांकडे. अमेरिकेच्या नियमानं १९६८ पासून गाडीच्या कुशीत पुढे नारिंगी आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर सक्तीचा झाला, १९७० पासून दोन्ही. त्यामुळे अमेरिकी गाडीच्या मागच्या चाकाजवळ एक लाल टिकली असते. युरोपच्या गाडीला ती टिकली नसते. तिच्या पुढच्या मडगार्डवर लहानसा इंडिकेटर असतो, वळताना मिणमिणणारा. मागे एक जास्तीचा प्रखर लाल दिवा असतो, धुक्यासाठीचा. जपानी बाजारातल्या उंच गाड्यांच्या डाव्या मडगार्डवर एक इवलासा आरसा उभा असतो, चाकाजवळचा कोपरा ड्रायव्हरला दिसावा म्हणून. तो आरसा मला फार आवडतो. मोठ्या दांडग्या गाडीच्या खांद्यावर बसलेल्या चिमणीसारखा दिसतो तो. फ्रान्समधल्या जुन्या सिनेमात हेडलाइट पिवळे असतील तर ती गाडी तिथलीच समजावी, कारण १९९३ पर्यंत तिथे पिवळेच दिवे सक्तीचे होते. आणि रात्री गाडी भिंतीसमोर येऊन थांबली तर भिंतीवरचा उजेड पाहावा. युरोपी पद्धतीच्या हेडलाइटचा मंद झोत सपाट कापलेला असतो आणि एका बाजूला तिरपा वर चढतो. उजवीकडे चढला तर गाडी उजवीकडून चालणाऱ्या देशाची, डावीकडे चढला तर आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्यांची. गाडी न दिसता नुसत्या उजेडावरून तिचं सासर कळतं, याचं मला दर वेळी नव्याने नवल वाटतं.

काही खुणा इतक्या समोर असतात की दिसूनही कळत नाहीत. १९९३च्या 'जुरासिक पार्क'मध्ये जीपच्या मागे लागलेला डायनोसॉर बाजूच्या आरशात दिसतो आणि आरशावर अक्षरं असतात की आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत. थिएटर त्या क्षणी आधी दचकतं आणि मग हसतं. मी कितीतरी वर्षं ते वाक्य दिग्दर्शकाला सुचलेलं समजत होते. पुढे कळलं की ते अमेरिकेच्या आरशांच्या नियमातलं आहे. तिथे ड्रायव्हरच्या बाजूचा आरसा सपाट हवा, पलीकडचा फुगीर चालतो, पण मग त्यावर हे वाक्य कोरावंच लागतं. इतरही काही देशांनी ते उचललं, युरोपच्या आरशावर मात्र ते लागत नाही. गोष्ट कोस्टारिकाजवळच्या एका काल्पनिक बेटावर घडते, बाहेरचं बरंचसं चित्रीकरण झालं हवाई बेटांवर, आणि जीप अमेरिकेच्या. त्या बेटावर त्या अमेरिकी जीप शोभतातही, कारण गोष्टीतली कंपनीच अमेरिकी आहे. तीच चौकोनी हेडलाइटची रँग्लर, ताईबरोबर पाहिलेल्या सिनेमातली. तो दिवा बघून मी इतकी दचकले त्यात या ओळखीचाही वाटा असणार.

नावांचं तर आणखी वेगळं. मित्सुबिशीची पजेरो स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत मॉन्टेरो व्हायची, कारण पहिल्या नावाचा अर्थ तिथे चारचौघांत उच्चारण्यासारखा नाही. इंग्लंडात तीच शोगन. इसुझूची ट्रूपर जपानात बिगहॉर्न आणि ऑस्ट्रेलियात जॅकरू. सुझुकीची जुनी जिम्नी अमेरिकेत सामुराई, ऑस्ट्रेलियात सिएरा, आणि तिच्याच लांब बहिणीला आपण जिप्सी म्हणून ओळखतो. सासरी नाव बदललेल्या या सगळ्या. पडद्यावर मागच्या दारावरची अक्षरं क्षणभर जरी वाचता आली तरी काम होतं, पण नेमकी तिथेच चिखलाची सारवण असते. बरेचदा चिखल मुद्दाम फासलेला असतो, असा माझा दाट संशय आहे.

पण या ओळखण्याने मला एकदा चांगलंच तोंडावर पाडलं, आणि तेही मी इथे सांगणार आहे. केनियात घडणारा एक सिनेमा होता. त्यातल्या लँड क्रूझरच्या मडगार्डवर मला तो जपानी चिमणीआरसा दिसला आणि मी मनातल्या मनात निकाल देऊन मोकळी झाले. जपानची गाडी, आफ्रिकेत कशी? यांनी कुठूनतरी मिळेल ती आणून उभी केली. त्या रागात पुढचा अर्धा सिनेमा मी नीट पाहिलाच नाही. काही दिवसांनी सहज केनियाबद्दल वाचत होते तेव्हा कळलं की तिथे गाड्या डावीकडून चालतात, जपानसारख्याच, आणि जपानात वापरून झालेल्या गाड्या तिथे बोटी भरभरून येतात. म्हणजे तो आरसा अगदी खरा होता. कोणीतरी कसलाही गाजावाजा न करता तिथल्या रस्त्यावरची, तिथे जशी दिसते तशी गाडी पडद्यावर ठेवली होती. तिला दोन सासरं होती आणि मी एकच धरून बसले होते. मला त्या सिनेमाची माफी मागावीशी वाटली. मी तो पुन्हा पाहिला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्या आरशात एका ठिकाणी पांढरं आभाळ आणि बाभळीसारख्या झाडाचा शेंडा दिसतो, तो पहिल्या वेळी माझ्या नजरेतून सुटला होता.

उलटही होतं. लँड रोव्हरने १९९३ साली अमेरिकेसाठी डिफेंडर ११०च्या फक्त ५०० गाड्या काढल्या. बाहेरून संपूर्ण अंगावर लोखंडी पिंजरा, बाजूला नारिंगी-लाल टिकल्या. तिथल्या सुरक्षेच्या नियमांमुळे तो पिंजरा आला, पण दिसायला ती इतकी रुबाबदार झाली की पुढे साध्या डिफेंडरलाही लोक हौसेने तसाच पिंजरा चढवू लागले. म्हणून पिंजरा दिसला की लगेच अमेरिका म्हणून चालत नाही. उसने दागिने घालून आलेल्या पाहुणीसारखी ती. अशा वेळी मी दागिने सोडते आणि अंग बघते. नंबरप्लेट बघते, खरं म्हणजे प्लेट नव्हे, तिची जागा. प्लेट कोणीही चार स्क्रू काढून बदलतो. पण युरोपची प्लेट लांबट, ५२ सेंटिमीटरची, आणि अमेरिकेची आखूड, जेमतेम ३०. त्यांच्यासाठी पत्र्यात केलेली खोबण वेगवेगळी असते. आखूड खोबणीवर लांब प्लेट बसवली की तिची दोन्ही टोकं बाहेर लोंबतात, दुसऱ्याचा सदरा घातलेल्या मुलाच्या बाह्यांसारखी. पडद्यावर अशी लोंबती प्लेट दिसली की मला त्या गाडीची माया येते. ती खोटं बोलत नसते. तिच्याकडून बोलवून घेतलं जात असतं, आणि ते तिला नीट जमत नसतं.

ताईला हेच सांगायचं होतं मला त्या रात्री.

त्या चौकटीतलं सगळं कोणीतरी ठरवून मांडलेलं असतं. घर उभारलेलं, पाऊस नळीतून पाडलेला, शाल कपाटातून निवडलेली, अश्रूही ठरल्या वेळी आलेले. आणि तरी ते सगळं मिळून खरं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही, ताई उगाच रडली नव्हती. पण त्या सगळ्यांत एक गाडी असते जिला अभिनय येत नाही. ती कुठल्यातरी कारखान्यात, कुठल्यातरी देशाच्या कायद्याप्रमाणे, कुणाच्यातरी रस्त्यासाठी घडलेली असते. ती या गोष्टीत शिरण्याआधी तिला स्वतःचं आयुष्य होतं. कुणीतरी तिच्या मागच्या सीटवर झोपलं होतं, कुणीतरी तिच्या मडगार्डला टेकून घाम पुसला होता. मी तिची खूण शोधते तेव्हा त्या आयुष्याचा एक धागा हाती येतो का, हे बघत असते. मामा गेल्यावर त्याची हत्यारं वाटली गेली, पाने कुणी नेले, जॅक कुणी नेला. माझ्या वाट्याला हे बघणं आलं.

पण ताईचा प्रश्न बोचत राहिला. म्हणून परवा मी एकटीने तो सिनेमा पुन्हा लावला, या वेळी मागे-पुढे करत. रात्रीचा प्रसंग आधी पाहिला. लाल इंडिकेटर, आणि वळणावर गाडी डावीकडे आडवी झाली तेव्हा मागच्या चाकापाशी बारीक लाल टिकली पेटलेली. अमेरिकाच. स्टेपनीवर तिसरा ब्रेक लाइट नाही. अमेरिकेत अशा गाड्यांना तो १९९४च्या मॉडेलपासून लागला, म्हणजे ही त्याआधीची. इथवर माझं बरोबर होतं. मग सुरुवातीला गेले. सिनेमाच्या पहिल्या दहा मिनिटांत तोच नवरा त्याच घरी पहिल्यांदा येतो. सकाळचं कोवळं ऊन, आवारात कोंबड्या, ती बाई पायऱ्यांवर बसून वाटाणे सोलतेय. तीच रँग्लर, तोच हिरवा रंग, तीच नंबरप्लेट. गाडी आत वळते आणि मागचा इंडिकेटर लागतो.

नारिंगी.

मी थांबवलं. मागे नेलं, पुन्हा पाहिलं. ब्रेकचा लाल दिवा वेगळा, इंडिकेटरचा नारिंगी वेगळा. बाजूला लाल टिकली नाही, ती पूर्वी असून काढली असावी असा डागही पत्र्यावर दिसत नाही. पुढच्या मडगार्डवर छोटा इंडिकेटर, तोही लुकलुकतोय. ही युरोपच्या बाजारातली गाडी होती, नखशिखान्त. सिनेमावाले एकाच गाडीच्या जागी दोन-तीन ठेवतात हे मला माहीत आहे. एक जवळून दाखवायला, एक दगडाधोंड्यांतून पळवायला, एक आतली दृश्यं घेण्यासाठी कापून ठेवलेली. रंग एक, प्लेट एक, काचेवरचा तडाही हाताने सारखा करून घेतलेला. हे सगळं माहीत असूनही मी बराच वेळ त्या थांबवलेल्या चित्राकडे बघत राहिले. बाईचा हात वाटाण्याच्या टोपलीत थांबलेला, आणि तिच्या मागे उन्हात तो नारिंगी दिवा अर्धवट पेटलेला, ना पूर्ण लागलेला ना विझलेला.

रात्र झाली होती तरी ताईला फोन केला. म्हटलं, "झोपलीस?" म्हणाली, "नाही गं, बोल." मी तिला सगळं सांगितलं, लाल, नारिंगी, टिकली, मडगार्ड. ती मधे एकदाही बोलली नाही. मामीच्या मागे स्वयंपाकघरात असायची तरी ताईने मामाच्या तोंडचं ते माहेर-सासर शेकडो वेळा ऐकलेलं आहे. मला वाटलं, ती कंटाळली असेल. मग पलीकडून तिचा आवाज आला, जरा वेगळा, खालच्या पट्टीतला.

"म्हणजे जी आली होती ती गेलीच नाही?"

"नाही," मी म्हणाले. "गेली ती दुसरीच."

थोडा वेळ नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

"मग ती पहिली कुठे आहे?" ताईने विचारलं. "बघ ना, शेवटी कुठे दिसते का. अंगणात, झाडामागे, कुठेतरी."

मी फोन कानाशी तसाच धरला आणि रात्रीचं ते घर पुन्हा पडद्यावर लावलं.